वाटसरूचा पेला आणि वाटसरूचे पान : प्रस्तावना

ज्या बेटाचे जुने नाव चहाच्या डब्यांवर छापले जाऊन जगभरच्या फडताळांत जाऊन बसले, त्या बेटाच्या पंक्तीत चहा हा सर्वांत उशिरा आलेला पाहुणा आहे, ही गोष्ट श्रीलंकेस निघालेल्या प्रवाशाने तेथे पाऊल ठेवण्यापूर्वीच ध्यानी घेतलेली बरी. 1972 साली प्रजासत्ताक झालेल्या त्या देशाने ‘सिलोन’ हे नाव टाकून दिले. चहाच्या व्यापाऱ्यांनी मात्र ते सोडले नाही, कारण त्या नावाला बाजारात भाव होता आणि बाजाराला राज्यघटनेशी कर्तव्य नव्हते. परिणामी बाहेरच्या माणसाची अशी समजूत होऊन बसली आहे की, या बेटावरील आतिथ्य म्हणजे हिरव्या टेकडीवरच्या बंगल्याच्या सज्जात पांढऱ्या हातमोज्यांच्या खानसाम्याने चांदीच्या किटलीतून ओतलेला चहा. हे चित्र खोटे नाही. पैसे मोजणाऱ्याला ते नुवरा एलियाच्या जुन्या हॉटेलांत आजही मिळते. परंतु ते साहेबाने साहेबासाठी उभे केलेले चित्र आहे, आणि त्या मुलखात पायी, बैलगाडीने, आगगाडीने वा सरकारी मोटारीने हिंडणाऱ्या साध्या वाटसरूच्या हाती जो पेला आणि जे पान पडत आले त्याची हकीकत निराळी, कितीतरी जुनी, आणि माझ्या मते अधिक रुचकर आहे. प्रस्तुत पुस्तक त्या हकीकतीचे आहे.

सिंहली खेड्यांमधून जाणाऱ्या जुन्या वाटांवर गावकऱ्यांनी वाटसरूसाठी दोन सोयी करून ठेवलेल्या असत. एक ‘अंबलम’, म्हणजे चारी बाजूंनी मोकळी, वर छप्पर असलेली विसाव्याची जागा. आणि दुसरी ‘पिन्‌तालिय’, म्हणजे पुण्यासाठी वाटेच्या कडेला भरून ठेवलेला पाण्याचा मातीचा रांजण. कुरुनेगल जिल्ह्यातील पनाविटिय येथे एक जुने अंबलम अद्याप उभे आहे. धोंड्यांवर जाड ओंडक्यांची चौकट टाकून तिच्यावर लाकडी खांब उभे केलेले आहेत, आणि त्या खांबांवर नर्तक, ढोलकरी, मल्ल असे कोरीव काम इतक्या हौसेने केलेले आहे की, थकून बसलेल्या पांथस्थाच्या डोळ्यांचीही कोणी काळजी वाहिली होती असे वाटावे. बसायचे ते त्याच ओंडक्यांवर. भिंती नाहीत, दार नाही, रखवालदार नाही, आणि म्हणून ‘आपण कोण, कोठले’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकारही कोणाला नाही. गावातली रिकामी माणसे तेथे गप्पा छाटीत बसत, आणि वाटसरूला पुढल्या वाटेची खबर त्यांच्याकडूनच मिळे. पाणपोया आणि धर्मशाळा पाहिलेल्या मराठी वाचकाला यातले मर्म वेगळे उलगडून सांगायला नको. एवढेच नमूद करतो की, तेथे हे काम राजाच्या हुकुमावर किंवा एखाद्या धनिकाच्या देणगीवर फारसे अडून राहिले नाही. रांजण भरणारी बहुधा शेजारच्या घरातली कोणी म्हातारी असे, आणि तिच्या पुण्याची जमाबंदी करणारा कारकून अजून जन्माला यावयाचा होता.

पाण्याच्या पुढची पायरी म्हणजे उकाळा. चहाचे झाड बेटावर येण्याच्या कितीतरी आधीपासून तेथील माणसे सुकवलेली फुले, पाने आणि मुळे उकळून पीत आली आहेत, आणि या उकाळ्यांची नामावळी पाहिली की मराठी वाचकाला आपल्याच माळरानांवरून फिरून आल्यासारखे वाटेल. ज्याला ते ‘रणवरा’ म्हणतात तो आपल्या देशावरील माळांवर पिवळ्याधमक फुलांनी डवरणारा तरवड. ‘बेलीमल’ म्हणजे बेलाची फुले. ‘इरमुसु’ म्हणजे अनंतमूळ. सकाळच्या प्रहरी घेतली जाणारी ‘कोळ-केंद’ ही पेज तर मंडूकपर्णी, शतावरी अशा पाल्यांचा रस तांदळाच्या पातळ पेजेत आणि नारळाच्या दुधात मिसळून केलेली असते. तिचा रंग पाहून प्रथम जरा दचकायला होते, पण पहाटेच्या प्रवासाला निघालेल्या माणसाच्या पोटाला तिच्याइतका सौम्य आधार दुसरा नाही. या प्रत्येक पेयाबरोबर साखर नसते, ‘हकुरू’ असतो. हा गूळ उसाचा नव्हे, ‘कितुल’ नावाच्या माडाचा. हा कितुल म्हणजे आपल्या कोकणातला भेरली माड. कोकणात तो शोभेपुरता किंवा माडीपुरता उरला. तिकडे त्याच्या लोंबत्या फुलोऱ्याला छेद देऊन खाली मडके बांधतात, उतरलेला रस आटवून आधी ‘पेणी’ नावाची काकवी आणि आणखी आटवून हकुरू करतात, आणि तो करवंटीत ओतून थिजवतात, त्यामुळे त्याच्या ढेपा अर्धगोल निघतात. रंगाला काळसर, चवीला थोडासा धुरकट. त्याचा खडा दाढेखाली धरायचा आणि वरून कडू-तुरट उकाळ्याचा घोट घ्यायचा, ही रीत इतकी मुरलेली होती की पुढे चहा आला तेव्हा त्याला आयते आसन मिळाले. पेला तोच, खडा तोच, फक्त रणवऱ्याच्या जागी चहाची पत्ती आली. चहाने हे बेट जिंकले असे लिहिण्याची प्रथा आहे. मला हा क्रम उलटा दिसतो: बेटाने चहाला आपल्या जुन्या दस्तुरात दाखल करून घेतले.

तो आला कसा, हे थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मध्यवर्ती डोंगरांची जंगले तोडून इंग्रज मळेवाल्यांनी जे पीक लावले होते ते कॉफीचे. 1869 साली कॉफीच्या पानांच्या मागल्या अंगास नारिंगी भुकटी दिसू लागली. ‘हेमिलिया व्हास्टाट्रिक्स’ असे जडजंबाल शास्त्रीय नाव असलेल्या या तांबेऱ्याने पुढील पंधरा-वीस वर्षांत सबंध धंदा धुळीस मिळवला. योगायोग असा की, जेम्स टेलर नावाच्या एका स्कॉट माणसाने त्यापूर्वी दोनच वर्षे, म्हणजे 1867 साली, कँडीजवळच्या लूलकंदुरा मळ्यात 19 एकरांवर चहा लावून ठेवला होता. हा टेलर 1852 साली, मिसरूड फुटण्याच्या वयात, बेटावर आला आणि पुन्हा मायदेशी गेला नाही. त्याने आपल्या बंगल्याच्या ओसरीलाच कारखाना केला: मेजावर पाने टाकून ती मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाताने मळायची आणि मातीच्या चुलींतील कोळशावर जाळ्यांतून भाजायची. एकदाच रजा घेतली, तीही दार्जिलिंगास जाऊन चहाचीच लागवड पाहण्यासाठी. 1873 साली बेटावरून लंडनला गेलेला चहा 23 पौंड भरला. 1883 साली कोलंबोत चहाचे लिलाव सुरू झाले. आणि 1890 साली टॉमस लिप्टन हा ग्लासगोचा किराणा दुकानदार येऊन मळ्यांमागून मळे विकत घेऊ लागला. टेलरला मात्र 1892 साली कंपनीने कामावरून दूर केले, आणि त्याच वर्षी हगवणीने तो मरण पावला. लिप्टनचे नाव डब्यावर राहिले. हप्पुतळेजवळच्या ज्या कड्यावर बसून तो आपला मुलूख न्याहाळीत असे, तेथे आता प्रवाशांच्या मोटारींची रांग लागते. लूलकंदुऱ्याची वाट विचारणारे थोडेच.

परंतु टेलर आणि लिप्टन यांची नावे घेऊन चहाची कथा संपवणे म्हणजे पालखीचे वर्णन करून भोयांना वगळणे होय. कॉफीसाठी आणि पुढे चहासाठी लागलेले मजूर मद्रास इलाख्यातील तमिळ जिल्ह्यांतून आले. दुष्काळाने आणि कर्जाने गाव सोडलेली ही माणसे मन्नारच्या किनाऱ्यावर उतरत आणि तेथून कोरड्या, निर्जल जंगलातून मातळेपर्यंत पायी चालत. पटकीने, तापाने, उपासमारीने कित्येक त्या वाटेवरच पडली. त्यांना आणणारा ‘कंगाणी’ हा मुकादमही होता, सावकारही होता आणि बहुधा जातभाईही होता. वाटखर्चाची रक्कम मजुराच्या नावे मांडली जाई, आणि कर्ज फेडून घेऊन याला सोडण्यास आम्ही राजी आहोत अशा अर्थाची ‘तुंडू’ नावाची चिठ्ठी मळ्याने दिल्याखेरीज त्याला दुसऱ्या मळ्यावर जाता येत नसे. ही चिठ्ठी बंद होण्यास 1921 साल उजाडले. बेट स्वतंत्र झाले त्याच 1948 सालच्या नागरिकत्वाच्या कायद्याने मळ्यांतील बहुसंख्य तमिळांना कोणत्याच देशाचे ठेवले नाही. 1964 साली लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांनी करार केला तो माणसांच्या वाटणीचा होता, 5,25,000 भारताच्या वाट्याला, 3,00,000 सिलोनच्या, आणि 1,50,000 जणांचा निकाल मागाहून. जे बेट अनोळखी पांथस्थासाठी रांजण भरून ठेवते, त्याच बेटाच्या कायद्याला शंभर वर्षे राबलेला पांथस्थ ओळखू येऊ नये, ही विसंगती चहाचे कौतुक करताना माझ्या मनातून जात नाही, आणि वाचकाच्याही जाऊ नये.

‘लायनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या चाळी अजून मळ्यांच्या उतारांवर उभ्या आहेत. पाठीवर डोक्याच्या आधाराने टोपली किंवा पोते अडकवून बायका दोन पाने आणि एक कळी खुडतात, आणि दिवसाचे ठरीव वजन, जे बहुतेक मळ्यांत 16 ते 20 किलोंच्या आसपास असते, भरले तरच पुरी मजुरी पडते. त्यांचा फराळ म्हणजे मैद्यात खवलेला नारळ घालून केलेली जाड रोटी, पाट्यावर वाटलेला तिखटजाळ संबोल, आणि चहा. हा चहा भुकटीचा असतो. उतारावरून गोळा केलेली पाने कारखान्याच्या वरच्या मजल्यांवर रात्रभर सुकतात, खाली येऊन मळली जातात, हवेशी संग होऊन तांबूस होतात, भट्टीत भाजून काळी होतात आणि शेवटी चाळण्यांवरून प्रतवारीने खाली पडतात. सुमारे साडेचार किलो हिरव्या पानांचा एक किलो चहा होतो, त्यातली डौलदार पत्ती लिलावाला जाते आणि चाळणीच्या तळाची भुकटी खुडणारणीच्या पेल्यात.

मात्र या भुकटीला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण बेटावरच्या ‘तेकडे’ नावाच्या प्रत्येक चहाच्या दुकानाची अब्रू तिच्यावरच उभी आहे. अशा दुकानात शिरावे तो एका कोपऱ्यात पाण्याचा उंच तांब्या-पितळेचा बंब धुमसत असतो, शेजारी तारेच्या कडीला शिवलेली, पायमोज्यासारखी लांबोडकी आणि वर्षानुवर्षांच्या चहाने काळवंडलेली फडक्याची गाळणी लोंबत असते, आणि दुकानदार एका पात्रातून दुसऱ्यात हातभर उंचीवरून चहा ओतून त्याला फेस आणीत असतो. दुधाचा हवा असेल तर ‘किरी-ते’ मागावा. तो बहुधा दुधाच्या भुकटीचा निघतो आणि अतोनात गोड असतो, त्यामुळे ताज्या दुधाच्या चहावर वाढलेल्या आपल्या माणसाने आधीच मनाची तयारी ठेवावी. माझा कौल ‘प्लेन्टी’ला आहे: बिनदुधाचा, ठेचलेले आले घातलेला, खड्याबरोबर प्यायचा कोरा चहा. त्याबरोबर न मागता एक ताट पुढ्यात येते. त्यात माशाचे सारण भरलेला तिकोनी पाव, तळलेल्या गुंडाळ्या, कटलेट, वडे असे पाच-सहा प्रकार रचलेले असतात, आणि हे सर्व आपल्यालाच संपवायचे आहे असे समजून नवखा प्रवासी घाबरतो. तसे काही नसते. जेवढे खाल तेवढ्याचे पैसे. उरलेले ताट पुढच्या गिऱ्हाइकाकडे जाते, आणि तुम्ही काय उचलले याचा हिशेब दुकानदार उठताना ताटाकडे नुसती नजर टाकून करतो.

आता पानाकडे वळू. वाटसरूचे खरे अन्न म्हणजे ‘बतमुल’, केळीच्या पानात बांधलेला भात. पान विस्तवावर धरून झरझर फिरवतात, की ते मऊ पडते, त्याचा रंग गडद होतो, आणि घडी घालताना ते चिरत नाही. त्यावर वाफाळता लाल तांदळाचा भात, त्याच्या कडेने नारळाच्या दुधातले मसुरीचे वरण, ‘पोलोस’ म्हणजे कोवळ्या फणसाची मसालेदार भाजी, एखादा तळलेला सुका मासा आणि ‘पोल संबोल’, म्हणजे मिरची, कांदा, लिंबू यांसह वाटलेला ओला नारळ. मग चारी बाजूंनी दुमडून गाठोडे बांधायचे. दुपारी ते सोडले की भात पानाच्या आकाराचा होऊन बसलेला असतो, वरण त्यात जिरलेले असते, आणि ताटात वेगवेगळे वाढले असते तर कधीच आला नसता असा एक गंध सगळ्याला मिळून आलेला असतो. शहरांत आता पानाच्या जागी प्लॅस्टिकचा पातळ कागद आला आहे. सोय झाली, गंध गेला.

ज्यांना दोन-तीन दिवसांची मजल मारायची त्यांच्यासाठी दक्षिण किनाऱ्याने ‘अंबुल तियल’ निर्माण केले. कुप्पा माशाचे चौकोनी तुकडे करून त्यांना गोरका या आंबट फळाचा वाटलेला गोळा, मीठ आणि भरपूर काळी मिरी चोळतात; गोरका हा आपल्या रातांब्याचाच सगोत्र, पण सुकून काळाकुट्ट झालेला. मातीच्या मडक्याच्या तळाशी केळीचे पान घालून त्यावर हे तुकडे एकमेकांना खेटून मांडतात, बेताचे पाणी घालतात आणि ते पुरे आटेपर्यंत मंद आचेवर ठेवतात. आंबटपणा आणि कोरडेपणा या दोन पहारेकऱ्यांमुळे हा पदार्थ उष्ण दमट हवेतही काही दिवस टिकतो. शीतकपाट नसलेल्या काळातील स्वयंपाकिणीची ही विद्या होती. आज ती चवीखातर चालू आहे आणि गॉल-मातर भागात जाऊन ती न चाखणे हा केवळ आळस होय.

बाहेरून आलेल्यांनीही पानाचा हा धडा गिरवला. डच वंशाच्या बर्गर लोकांचा ‘लम्प्रैस’ म्हणजे मांसाच्या रसात शिजवलेला भात, मिश्र मांसाचा रस्सा, खिम्याचे गोळे आणि वांग्याचे लोणच्यासारखे कालवण यांची केळीच्या पानातली पुडी, फक्त ती भट्टीत भाजलेली; आणि डचांनी ज्यांना शिपाई म्हणून वा हद्दपार करून आणले त्या मलायी लोकांचा गूळ, अंडी, नारळाचे दूध आणि वेलची यांचा ‘वट्टलप्पम’ आज बेटावरील मुसलमानांच्या ईदेचा मुख्य पदार्थ होऊन बसला आहे. आप्प, म्हणजे कडेला जाळीदार कुरकुरीत आणि मध्ये मऊ असे तांदळाच्या आंबवलेल्या पिठाचे वाटीएवढ्या कढईतले घावन, आणि ‘इंदी आप्प’, म्हणजे कोकणी माणसाला शिरवाळ्यांची तत्काळ आठवण करून देणाऱ्या वाफवलेल्या शेवया, यांना पुस्तकात स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत.

कोलंबोहून कँडीकडे जाणारा रस्ता हा तर एक लांबच लांब फराळाचा बाजारच आहे: काजुगम येथे रस्त्याकडेला भाजलेल्या काजूंच्या पुड्या घेऊन बसलेल्या बायका, आणि वारकापोळ्याला कागदात गुंडाळलेले ‘तलगुली’ हे तिळाचे लाडू; दक्षिणेकडे हंबनतोटाच्या वाटेवर तर मातीच्या परळांत लावलेले म्हशीचे घट्ट दही, ज्यावर कितुलाची पेणी ओतून खातात. आगगाडीतही हीच तऱ्हा. डोंगर चढत बदुल्लापर्यंत 1924 साली पोचलेल्या त्या लोहमार्गावर, कोळंबी चिकटवलेल्या डाळवड्यांची टोपली डोक्यावर घेऊन फेरीवाला डब्यामागून डबा पालथा घालतो आणि वडे ज्या कागदात बांधून देतो तो पुष्कळदा कोणा शाळकरी पोराच्या वहीचा असतो; वडा संपल्यावर त्याचे चुकलेले गणित वाचायला मिळते.

धर्म आणि खाणे यांची गाठ पाहायची तर दोन प्रसंग साधावेत. एक श्रीपादाची यात्रा. 2,243 मीटर उंचीच्या त्या शिखरावरील पाऊलखूण बौद्धांना बुद्धाची, हिंदूंना शिवाची, मुसलमानांना आणि ख्रिस्ती लोकांना आदमची वाटते; इब्न बतूताने चौदाव्या शतकात हे शिखर चढल्याची नोंद आहे. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे महिन्यातल्या वैशाखी पौर्णिमेपर्यंत माणसे रात्री चढू लागतात, म्हणजे सूर्योदयाला माथ्यावर पोचता येते. आणि हजारो पायऱ्यांच्या त्या वाटेवर दिव्यांच्या माळेखाली चहाची दुकाने रात्रभर जागी असतात. तेथे पहाटे तीन वाजता प्यायलेल्या आल्याच्या कोऱ्या चहाची प्रत ठरवण्याचे काम कोलंबोच्या लिलावदारांवर सोपवू नये. दुसरा प्रसंग खुद्द वैशाखी पौर्णिमेचा. त्या दिवसांत गल्लोगल्ली ‘दन्सल’ नावाची अन्नछत्रे लागतात. भात, उकडलेला मरवळी कंद, सरबत, चहा, क्वचित आइस्क्रीमही. आणि तरणी पोरे रस्त्याच्या मध्यभागी झेंडे हलवीत मोटारी अडवून आतल्या माणसांना खाली उतरण्याचा आग्रह करतात. पैसे देऊ करणे हा तेथे उपमर्द समजावा. घाई असली तरी निदान एक पेला घ्यावा, कारण तेथे उपकृत होतो तो देणारा.

चहाच्या सात प्रांतांची सविस्तर माहिती अखेरच्या प्रकरणात आहे. येथे इतकेच की, दिंबुळ्याचा चहा जानेवारी ते मार्चच्या कोरड्या थंडीत आणि ऊव्याचा जुलै ते सप्टेंबरच्या कोरड्या वाऱ्यात उत्तम उतरतो, आणि त्या वाऱ्याने पाने झाडावरच किंचित करपल्यामुळे ऊव्याच्या पेल्याला गंधपुऱ्याच्या तेलासारखा जो वास येतो तो काहींना वेड लावतो, काहींना औषधाची आठवण देतो. मोठ्या हॉटेलांतील तिसऱ्या प्रहरच्या चहाचे थाट मी हेतुपुरस्सर वगळले आहेत. त्यांची छापील पत्रके सर्वत्र मिळतात.

शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना आवश्यक आहे. पोल संबोलात आणि पुष्कळ भाज्यांत ‘उंबलकड’ नावाच्या वाळवलेल्या माशाचा चुरा बेमालूम मिसळलेला असतो, तेव्हा दुकानात आधी विचारून घ्यावे. घरी करून पाहणाऱ्यांना उंबलकड आपल्याकडे सहसा मिळणार नाही. त्याऐवजी सुका जवळा थोडा भाजून, कुटून घालावा, सुका बांगडा मात्र घालू नये, त्याच्या वासापुढे नारळ उरत नाही. मासळी वर्ज्य असेल त्यांनी ती सरळ गाळून मिठाचा आणि लिंबाचा हात किंचित सैल सोडावा.